शिकायला जाताना
(डोणगाव येथे पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



गोल्फ हा खेळ आपल्या डोणगावला परका आहे. तरी सुरुवात त्याच्यापासूनच करतो, कारण शिकणे म्हणजे काय ते त्यात स्वच्छ दिसते. चेंडू जमिनीवर स्थिर असतो. कोणी टाकत नाही, कोणी अडवत नाही. क्रिकेट खेळलेला मुलगा गोल्फची काठी बॅटसारखी धरतो आणि जोर लावतो. शिक्षक पकड बदलून देतात. मग गंमत होते. चेंडू पूर्वी जेवढा जात होता, तेवढाही जात नाही! पुष्कळ शिकाऊ इथेच शिक्षकाला नावे ठेवून घरी जातात.

टायगर वुड्सने एप्रिल १९९७ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी, अमेरिकेतील मास्टर्स स्पर्धा १२ फटक्यांच्या फरकाने जिंकली. एवढ्यावर कोणीही समाधान मानले असते. त्याने मात्र आपले शिक्षक बुच हार्मन यांच्या हाताखाली फटक्याची पद्धतच मोडून नव्याने बसवली. १९९८ साली चार प्रमुख स्पर्धांपैकी एकही त्याला मिळाली नाही. पुढे जून २००० ते एप्रिल २००१ या काळात चारही त्याने ओळीने जिंकल्या.

तुम्ही म्हणाल, ही अमेरिकेची गोष्ट. मग आपल्या श्रीरामपूरची ऐका. झहीर खान तिथला. २००० साली भारतीय संघात आला, २००३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला आणि २००६ मध्ये संघाबाहेर पडला. रुसून न बसता तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायर कौंटीकडून खेळायला गेला. धाव आखूड केली, सुरुवातीची उडी सोडली. सहा वर्षे अंगात मुरलेली सवय सोडायची म्हणजे सोपे काम नव्हे. त्या हंगामात त्याने ७८ बळी घेतले. २००७ साली नॉटिंगहॅमच्या कसोटीत नऊ बळी घेऊन त्याने भारताला सामना जिंकून दिला, आणि मालिकाही आपली झाली.

आता आपल्या घरात येऊ. उत्तरे पाठ करून साठ गुण मिळवणाऱ्या मुलाला गुरुजी स्वतःची वाक्ये लिहायला लावतात. पुढच्या चाचणीत पंचेचाळीस येतात. लगेच अब्बा शाळेत हजर, "तुमच्याकडे पाठवला आणि पोरगा बिघडला!" खरे तर त्याच वेळी तो शिकू लागलेला असतो. मुलींना तर एवढीही मुदत मिळत नाही. एकदा गुण घसरले की घरात शाळा सोडण्याचा आणि लग्नाचा विषय निघतो. हे मला फार खटकते.

विद्यार्थ्यांनो, नवी पकड हाताला अवघड वाटली तर गुरुजींना तसे सांगा. पण ते पाहत नसताना गुपचूप जुनी पकड धरू नका. आणि शिक्षकबंधूंना एक विनंती. पहिले दोन महिने गुण कमी दिसतील, हे पालकांना आधीच बोलावून सांगा. निकालाच्या दिवशी नव्हे.