शरदातले ऊन



सहा ऋतूंवर सहा भाषणे ठरली आणि माझ्या वाट्याला शरद आला. संयोजकांचा फोन आला तेव्हाच मी सांगितले होते, की मला हा ऋतू आवडत नाही. ते हसले. "मॅडम, शरद कुणाला आवडत नाही?" म्हणाले आणि पत्रिका छापून मोकळे झाले. तेव्हा आता ऐकून घ्यावे लागेल.

शरद म्हटल्यावर आपल्यापुढे काय येते ते सांगायला नको. धुतल्यासारखे आकाश, टिपूर चांदणे, कमळे, कोजागरीचे आटीव दूध. अलीकडे यात एक नवे चित्र मिसळले आहे. माझ्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर सप्टेंबर लागला की तांबूस पानांचा सडा, गळ्याभोवती लोकरीचा मफलर आणि वाफाळता कप दिसू लागतो. हे इंग्रजी 'ऑटम'चे चित्र. शाळेत आपण ऑटम म्हणजे शरद असे पाठ करून घेतो, त्यामुळे मुलांना वाटते ही पाने आपलीच. कीट्सने शरदावरची आपली प्रसिद्ध कविता १८१९च्या सप्टेंबरात विंचेस्टरला लिहिली. त्या गावी त्या दिवसांत गारवा उतरू लागतो, त्याने तो लिहिला. आपल्या माळव्यात साग आणि पळस पाने टाकतात माघ-फाल्गुनात. ऑक्टोबरात इंदूरच्या वर्गात मफलर घालून कुणी येऊन दाखवावे. पंखा पाचावर असतो आणि वीज असतेच असे नाही.

पण माझी तक्रार कीट्सशी नाही, आपल्याशी आहे. एक साधा प्रश्न विचारते. पाऊस थांबल्यावर जमीन ओली, आकाश उघडे, वारा पडलेला, आणि दुपारी बारा वाजता जी तलखी होते तिला मराठीत काय म्हणतात? तुमच्यातल्या अर्ध्या लोकांच्या ओठांवर आलेला शब्द मला कळला. 'ऑक्टोबर हीट.' वर्तमानपत्रे तोच छापतात, घरात आजीही तोच वापरते. वर्षाच्या वर्षाला येणारी हवा, हजारो वर्षांची भाषा, आणि नाव इंग्रजी. असे का झाले असेल? मला वाटते, शरद हा शब्द आपण चांदण्याला देऊन टाकला. उन्हासाठी त्यात जागाच उरली नाही.

आता कुणी म्हणेल, हा दोष परंपरेचा. तसे नाही. 'ऋतुसंहारा'त शरद नववधू होऊन येते, काशफुलांचे वस्त्र नेसून, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाठ्यपुस्तकांत तेच येते. ते काव्य कालिदासाचे की नाही हा वाद बाजूला ठेवू. 'रघुवंशा'बद्दल तर वाद नाही. त्याच्या चौथ्या सर्गात शरद येतो तो रघूच्या दिग्विजयाची वेळ म्हणून. ढग रिकामे होऊन वाटेतून बाजूला झाले आणि सूर्याचा व रघूचा प्रताप एकदमच, सोसवणार नाही असा, सगळ्या दिशांत पसरला, असे कालिदास सांगतो. प्रताप म्हणजे पराक्रम आणि प्रताप म्हणजे ताप. श्लेष सगळे शिक्षक शिकवतात, पण ताप कुणी शिकवत नाही. त्याच सर्गात भात राखणाऱ्या बायका रघूचे यश गातात. कुठे बसून? उसाच्या सावलीत. उजाड उन्हात नाही. कालिदासाला उज्जयिनीचे इतके प्रेम. इथून तासा-दीड तासाच्या वाटेवर. त्याला हे ऊन माहीत असणारच.

वाल्मीकीच्या किष्किंधाकांडातही शरदाचे लांबलचक वर्णन आहे, पण ते करणारा राम सुखात नाही. पाऊस सरला, वाटा मोकळ्या झाल्या, सुग्रीवाने दिलेला शब्द पाळण्याची वेळ आली आणि तो तर आपल्या सुखात रमला आहे. शरद तिथे थकलेल्या मुदतीसारखा उभा आहे. वाटा मोकळ्या होणे ही एरवीही सगळ्यांना आनंदाची गोष्ट नव्हती. मराठ्यांच्या फौजा दसऱ्याचे सीमोल्लंघन करून मुलूखगिरीला निघत. १७२८च्या नोव्हेंबरात अमझेऱ्याला चिमाजी अप्पांनी गिरधर बहादुराचा पराभव केला आणि माळवा आपल्याला खुला झाला. म्हणजे आज या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीतरी घरांचा इथला इतिहास शरदाच्या पाठोपाठच सुरू होतो. त्या वेळी इथल्या खेड्यातल्या माणसाला निरभ्र आकाश पाहून काय वाटत असेल, याचा विचार मी दर दसऱ्याला सोने देताना करते. असो.

सगळ्यांत स्पष्ट बोलले आहेत ते वैद्य. आयुर्वेदाचे म्हणणे असे, की पावसाळ्यात साचलेले पित्त शरदाच्या उन्हाने एकदम खवळते. म्हणून या ऋतूत विरेचन आणि रक्तमोक्षण. चरकसंहितेत शरदातली पथ्ये दिली आहेत: ऊन टाळा, दही टाळा, दिवसा झोपू नका. आणि काय करा? स्वच्छ हलकी वस्त्रे नेसा, फुलांच्या माळा घाला आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी चांदण्यात बसा. आता ही यादी पुन्हा ऐका. शुभ्र वस्त्रे, फुले, चांदणे. आपण ज्याला शरदाचे सौंदर्य म्हणतो तो इथे उपचार आहे. दिवसभर भाजलेल्या माणसाला रात्री दिलेला उतारा. आपण उताऱ्यावर कविता करत राहिलो आणि दुखणे विसरून गेलो. शरद ही वैद्यांची आई, अशा अर्थाचे एक संस्कृत सुभाषित जुन्या पिढीला पाठ असायचे. तिच्यामुळे त्यांचे पोट भरते म्हणून. कुणाला शंभर शरद पाहण्याचा आशीर्वाद देतात, तोही मला ऋतूचे कौतुक वाटत नाही. एवढ्या वेळा यातून सुखरूप बाहेर पडा, असा तो असावा.

हे नुसते ग्रंथातले नाही. शरदाच्या निर्मळ पाण्याची स्तुती आपण करतो. डेंग्यूचा डास अंडी घालतो ते अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात, आणि चावतो दिवसा. माझ्या धाकट्या जावेची तीन वर्षांपूर्वीची कोजागरी एका रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर गेली. खिडकीतून चंद्र दिसत होता, छान दिसत होता. आम्ही प्लेटलेटचा आकडा यायची वाट पाहत होतो. पहाटे तो थोडा चढला. त्या रात्री शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आईने थर्मासमधले केशरी दूध सगळ्यांना कपभर दिले, तेवढी एक गोष्ट मला शरदाच्या बाजूने सांगता येते.

आता ज्यासाठी हे सारे सांगितले तिकडे येते. काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन निबंध स्पर्धेला आम्ही तिघे परीक्षक होतो. विषय होता शरद ऋतू. चाळीसेक निबंध आले आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांत चांदणे होते, हंस होते. इंदुरात हंस! एक निबंध वेगळा होता. मुलगी देवासकडच्या खेड्यातली. घर तीन पिढ्यांपूर्वी खानदेशातून आलेले, शेती करणारे. तिने सोयाबीनची कापणी लिहिली होती. माळव्यात शरदात पानगळ पाहायचीच असेल तर ती सोयाबीनच्या शेतात पाहावी: पीक तयार झाले की पाने झडतात, उरतात त्या वाळलेल्या काड्या आणि टोकदार शेंगा. त्या हातात रुततात, म्हणून बोटांना चिंध्या बांधून विळा चालवायचा. काम पहाटे सुरू करायचे, कारण दहानंतर वाकून उभे राहवत नाही. थांबायचेही नाही. ऊन वाढले की शेंगा तडकून दाणे मातीत जातात. पाऊस आला तर शेंगेतच कोंब फुटतो, दाणा काळा पडतो. २०२० साली हवामान खात्याने वायव्य भारतातून मोसमी पाऊस परतू लागण्याची सर्वसाधारण तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर नेली. खात्याने ते कागदावर आणण्याच्या आधीपासून त्या मुलीच्या आईला ते ठाऊक होते. मग मंडीत ओलावा मोजायचे यंत्र. काटा १२च्या वर गेला की भाव खाली. तिच्या वडिलांची नजर आधी त्या काट्यावर जाते आणि मग आकाशाकडे, असे तिने लिहिले होते. चांदणे तिच्या निबंधात एकदाच आले होते, उघड्यावरच्या ढिगावर ताडपत्री नीट बसली आहे की नाही हे पाहण्यापुरते.

एका सहपरीक्षकांनी त्यात दोन ठिकाणी लाल रेघ मारली होती. तिने लिहिले होते, 'आमच्याकडे क्वारची धूप पडते.' क्वार हा हिंदी, आणि धूप तर मराठीत उदबत्तीच्या शेजारी असतो किंवा जमिनीची होते. हसू येण्यासारखे आहे, नाही असे नाही. पण क्वारच्या उन्हात हरिणही काळे पडते असे आपल्या आजूबाजूचे लोक म्हणतात, आणि त्या शब्दात जो चटका आहे तो 'आश्विनातले ऊन' म्हटल्याने येत नाही. मी हे बैठकीत बोलले. मी तिला सर्वांत जास्त गुण दिले होते. तिला उत्तेजनार्थ मिळाले. पहिल्या आलेल्या निबंधात 'ऑक्टोबर हीट' दोनदा होते. त्यावर रेघ नव्हती.

हे मला आजही पटत नाही. इंग्रजी शब्द पुण्या-मुंबईहून आला की मराठी, आणि शेजारच्या शेतातून आला की अशुद्ध, हा न्याय कुठला? बाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला दोन पंचांगांत राहावे लागते. आपल्या घरी पितृपक्ष भाद्रपदात, शेजाऱ्यांकडे तोच आश्विनात. आपण दिवाळीची अमावास्या आश्विनात धरतो, समोरच्या घरी कार्तिक असतो. एकच दिवस, एकच ऊन. माळवी मुली पितृपक्षात भिंतीवर शेणाने संजा काढतात, त्याच महिन्याच्या पुढच्या टोकाला आपल्या मुली पाटावर हत्ती काढून भोंडला खेळतात, सासर-माहेरची गाणी म्हणतात. त्या गाण्यांत बायकांच्या तक्रारी आहेत, चंद्रापेक्षा कितीतरी जास्त. दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्र' लिहिताना सहा ऋतूंची जुनी चौकट न घेता बारा महिने घेतले, ते मला म्हणूनच शहाणपणाचे वाटते. महिन्याकडे पाहावे लागते. ऋतू आधीच लिहून ठेवलेला असतो.

त्या मुलीने पुढे एम.ए. केले. आता ती शाळेत शिकवते आणि सुट्टी मात्र दिवाळीऐवजी कापणीला मागते, असे तिनेच मला सांगितले.

वेळ झाली आहे. सभागृहाच्या दाराशी टेबलावर मी एक वही ठेवली आहे, चहाच्या शेजारी. पावसानंतरच्या या उन्हाला तुमच्या घरात, तुमच्या आजोळी, तुमच्या कामवाल्या मावशींच्या गावी काय म्हणतात, ते जाताना त्यात लिहा. बोली कुठलीही चालेल. फक्त गावाचे नाव तेवढे पुढे घाला.