टाकीची वही
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील मनोगत)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘आठवणी’ असं छापलंय. गणपती, कोजागिरी, सहली यांवर बोलून झालंय, म्हणून मी ही वही आणली. २०० पानी, कव्हर फाटलेली. २०१६ च्या उन्हाळ्यात मी खजिनदार होते, तेव्हाची टँकरची वही.

लातुरात रेल्वेने पाणी आलं होतं ही थाप आहे, असं आपल्या इथली मुलं म्हणतात. थाप नाही रे बाळांनो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्यावरून मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये १४४ कलम लावलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली. १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. पुढे ५० वाघिणींची यायला लागली. टीव्हीवाले स्टेशनवर आणि आपण टँकरवाल्याच्या फोनवर.

आपला बोअर फेब्रुवारीतच आटला. दुसरा पाडला, ५०० फुटांपर्यंत गेलो, नुसती धूळ. त्या खर्चावर मी आज बोलणार नाही. दोन काका अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

मग दर चार दिवसांनी १०,००० लिटरचा टँकर. आपले फ्लॅट १८. मी नियम केला: प्रत्येक घराला ५०० लिटर, उरलेले १,००० अडीनडीला. सगळ्यांना सारखं! मला त्या नियमाचा फार अभिमान होता. पण चार दिवसांना ५०० म्हणजे घरटी रोज १२५. शहरात माणशी १३५ लिटर धरतात, इथे अख्ख्या घराला तेवढं नव्हतं. त्यातही दोघंच असतील तर माणशी ६२, आणि सात माणसांच्या घराला १८ सुद्धा नाही. त्या घरात बाळंतीण होती. त्यांच्या काकू मला म्हणाल्या, “अगं, भागाकार माणसांनी कर, दारांनी काय करतेस?” मी ऐकलं नाही. पैसे सगळे सारखे भरतात ना, हे माझं म्हणणं. दोन आठवडे हट्ट धरला. शेवटी दोन माणसांच्या एका घराने आपल्यातलं २०० लिटर परस्पर तिकडे पोचवलं, पाईप लावून. मग मला लाज वाटली आणि माणशी हिशेब सुरू झाला.

वहीत नाही ते एक सांगते. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी जाताना एक घागर भरून न्यायच्या. त्यांच्या वस्तीत टँकरचा काही भरवसा नव्हता. समितीने ठराव केला, पाणी गेटबाहेर जाणार नाही. मीच त्यांना गेटवर अडवलं. त्यांनी घागर तिथेच कडुनिंबाच्या बुडाशी ओतली. बोलल्या काही नाहीत. दुसऱ्या दिवशी कामाला आल्या आणि माझ्या घरची सगळी भांडी राखेने घासून दोन तांब्यांत विसळून दिली. ठराव मे महिन्यात मागे घेतला. पुढे मावशी लेकाकडे पुण्याला गेल्या. त्यांच्याशी त्या दिवसाबद्दल बोलायचं माझ्याकडून राहून गेलं. कडुनिंब आहे तिथेच.

आता थोडं कामाचं. तो कोरडा बोअर वाया गेला म्हणून आपण हळहळलो, पण पाऊस लागायच्या आत गच्चीचं पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून त्यात सोडलं. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आपल्या दोन्ही गच्च्या मिळून ४०० चौरस मीटर. ७०० मिलिमीटर पडला तर २ लाख ८० हजार लिटर, म्हणजे २८ टँकर. उडून-वाहून जाईल ते सोडा.

पण गेल्या वर्षी वॉटरप्रूफिंगच्या वेळी ब विंगचा पाईप काढला, तो अजून जिन्याखाली पडलाय. म्हणजे निम्मे टँकर गटारात. खड्ड्यातली वाळूही धुतलेली नाही. सचिवांना मी दोनदा सांगितलं. ते पहिल्याच रांगेत बसलेत, म्हणून तिसऱ्यांदा माईकवर सांगते. प्लंबर रविवारी सकाळी ९ वाजता येणार आहे. गच्चीची किल्ली कुणाकडे आहे, तेवढं जेवणाआधी मला येऊन सांगा.