बोलायची जागा कुणाच्या पैशावर?

(सुकापूर, ता. पनवेल येथे बचत गटांच्या प्रतिनिधींसमोर केलेल्या भाषणाचा संक्षेप)



आपल्या गटांची निम्मी कामं आज मोबाइलवर होतात. बैठकीचा निरोप, हप्त्याची आठवण, एखादीला रात्री घराबाहेर काढलं तर धावून येण्याची हाक. ही जागा आपली आहे असं आपण धरून चालतो. पण ती कंपनीची आहे. नियम तिचे, दाराची किल्लीही तिच्याकडे. आपली स्वतःची जागा बांधायची म्हटली तर पैसा कुठून येणार आणि निर्णय कोण घेणार?

याचं उत्तर म्हणून हल्ली 'ब्लॉकचेन'चं नाव घेतलं जातं. सोपं करून सांगते. ही एक वही आहे. तिच्या प्रती अनेक संगणकांवर असतात, त्यामुळे कुणा एकाला नोंद गुपचूप खोडता येत नाही. २०२२ साली गडचिरोलीतल्या एटापल्लीत जातीच्या दाखल्यांची नोंद अशा वहीत करण्याचं काम हाती घेतलं गेलं, ते बनावट दाखल्यांना आळा बसावा म्हणून.

अशाच वहीवर २०१६ मध्ये 'स्टीम' हे समाजमाध्यम सुरू झालं. लिहिणाऱ्याला त्याची नाणी मिळत, आणि ज्याची नाणी जास्त त्याचं मत जड. २०२० च्या सुरुवातीला जस्टिन सन या उद्योजकाने त्यामागची कंपनी विकत घेतली. कंपनीकडे नाण्यांचा मोठा साठा होता. तो मतदानात वापरला जाऊ नये म्हणून वही सांभाळणाऱ्या निवडून आलेल्या प्रतिनिधींनी तो गोठवला. त्यावर मार्चमध्ये नाणेबाजारांत लोकांनी ठेवलेली नाणी मतदानाला लावून हे प्रतिनिधीच बदलण्यात आले. ठेव लोकांची, मत मात्र दुसऱ्याचं! २० मार्चला अनेक सभासदांनी वहीची प्रत घेऊन 'हाइव्ह' नावाने वेगळी चूल मांडली आणि कंपनीच्या वाट्याची नाणी सामायिक निधीत टाकली.

हा निधी समजून घेण्यासारखा आहे. सॉफ्टवेअर बनवणारा सर्वांसमोर मागणी मांडतो: काम कोणतं, रोजचे किती, कधीपर्यंत. पुरेसा पाठिंबा असेल तोवर पैसे थोडे थोडे मिळतात. पाठिंबा काढला की थांबतात. 'पीकडी'सारखी लिहिण्या-वाचण्याची साधनं अशा निधीवर उभी राहिली. आपल्याकडे काय होतं? प्रकल्पाच्या पैशातून ऍप येतं, उद्घाटन होतं, प्रकल्प संपतो आणि दुरुस्तीला कुणी उरत नाही. बांधण्याला देणगी मिळते, सांभाळण्याला मिळत नाही. घरकामासारखंच आहे हे!

पण दोन गोष्टी आपल्याला चालणार नाहीत.

पहिली, हाइव्हमध्येही मत नाण्यांच्या वजनावरच मोजलं जातं. आपल्या राज्याच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. मतं पैशावर मोजली असती तर उसने देणाराच मालक झाला असता.

दुसरी, न खोडता येणारी नोंद हिशेबाला उत्तम, पण बाईच्या जिवाला घातक ठरू शकते. आसऱ्याला आलेल्या बहिणीचा पत्ता एकदा अशा वहीत गेला की तो परत घेता येत नाही. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. वहीला हे कळत नाही, आपल्याला कळलं पाहिजे.

तेव्हा नवं तंत्र घेऊन कुणी आलं तर घाबरू नका, भुलूही नका. तीन प्रश्न विचारा. मत माणशी आहे की पैशावर? देखभालीचा खर्च दरमहा कोण देणार? आणि चुकून गेलेलं नाव पुसता येईल का? पैशाचा हिशेब सगळ्यांना दिसू दे. बाईचं दुःख मात्र तिच्या परवानगीशिवाय कुणालाच दिसता कामा नये. गटाच्या वहीत आपण हे दोन्ही वर्षानुवर्षं सांभाळलं आहे. संगणकाच्या वहीकडूनही तेवढंच मागू या.