सोबतीचा वेग



जुन्या मोटारसायकलींवरून दहापंधरा जणांनी मिळून केलेला प्रवास, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. एका निवृत्त शाळामास्तराने असल्या विषयावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु ज्याची सारी हयात मुलांना ओळीत चालावयास शिकविण्यात गेली, त्याला ओळीने चालण्याविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार असावा, असे मी समजतो. शिवाय माझ्या पडवीत एक येझदी उभी आहे, आणि जिल्ह्यातील असल्या तांड्यांबरोबर मी अधूनमधून जातही असतो.

आरंभी थोडे दूरदेशी जाऊ. कॅनडातील क्वेबेक प्रांतात व्हॅलकूर नावाचे गाव आहे. तेथे 1907 साली जोझेफ-आर्मां बोंबार्डिए हा कारागीर जन्मला. बर्फावरून चालेल असे वाहन करावे, हा ध्यास त्याला पोरवयापासून होता. 1934 सालच्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने अत्यवस्थ झाला. रुग्णालय दूर, रस्ते बर्फाखाली गाडलेले, आणि बापाच्या कारखान्यातील वाहन अद्याप चालण्याजोगे झालेले नव्हते. मूल दगावले. पुढे 1937 साली सात माणसांना नेणारी बर्फगाडी त्याने सिद्ध केली. आणि 1959 साली पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रबरी पट्टा व वर एकदोघांपुरती बैठक अशी ‘स्की-डू’ नावाची हलकी गाडी बाजारात आणली.

आज त्या देशांत नव्या, वेगवान बर्फगाड्यांस तोटा नाही. तरीही साठ-सत्तर सालांतल्या गाड्या जिवापाड जपणारे हौशी लोक हिवाळ्यात एकत्र जमतात आणि एकामागून एक अशा रांगेने रानवाटांनी हिंडतात. समोरून कोणी आला, तर आपल्यामागे किती गाड्या आहेत हे बोटे दाखवून त्याला सांगावयाचे, असा त्यांचा शिरस्ता आहे. गाव दहा कोस दूर असता अंधार पडावयाच्या सुमारास यंत्र बंद पडले, तर त्या थंडीत एकट्या माणसाच्या जिवावर बेतते. यास्तव जुन्या गाडीचा धनी सोबतीवाचून सहसा बाहेर पडत नाही.

आपल्या रत्नागिरीत बर्फ पडत नाही. पडतो तो पाऊस. परंतु जुने यंत्र, अवघड वाट आणि सोबतीची गरज ही तिन्ही आपल्याकडेही आहेत. आपल्या बर्फगाड्या म्हणजे जावा, येझदी आणि बुलेट. जावा ही मूळची झेकोस्लोव्हाकियाची. प्राग शहरी फ्रांतिशेक यानेचेक याने 1929 साली तो उद्योग काढला, आणि आपल्या नावाची व ज्या ‘वांडरर’ गाडीचे हक्क त्याने घेतले तिच्या नावाची आद्याक्षरे जोडून हे नाव सिद्ध केले. 1961 पासून त्या गाड्या म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात होऊ लागल्या. 1973 साली त्यांस येझदी हे नाव मिळाले आणि 1996 साली तो कारखाना बंद पडला. बुलेट 1955 पासून मद्रासेस होऊ लागली. तिचे कूळ इंग्लंडचे.

या गाड्या आपल्याकडे हौसेखातर आल्या नाहीत. कोकणातील वस्ती म्हणजे वाड्यावाड्यांतून विखुरलेली घरे. मध्ये डोंगर, पऱ्हे, खाड्या. एस.टी. फाट्यावर यावयाची, तीही दिवसातून एकदोनदा. अशा मुलखात डॉक्टर आजाऱ्यापाशी वेळेत पोहोचला, मास्तर भर पावसात शाळेत हजर झाला, तो पुष्कळदा या गाड्यांच्या पाठीवर बसून. व्हॅलकूरच्या त्या बापाला जे वाहन वेळेवर लाभले नाही, त्या जातीचेच हे वाहन होते. ज्या यंत्राने माणसाला माणसापर्यंत पोहोचविले, त्याविषयी मनात कृतज्ञता उरते. आणि जुन्या गाड्यांच्या या छंदाचे मूळ मला त्या कृतज्ञतेत दिसते.

आता या यंत्राचा स्वभाव पाहू, कारण तो जाणल्याशिवाय तांड्याचे नियम कळावयाचे नाहीत. जावा-येझदीचे इंजिन टू-स्ट्रोक आहे. त्यात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावयाचे असते. लिटरमागे सुमारे 40 ते 50 मिलिलिटर. तेल कमी पडले तर पिस्टन जाम होतो, अधिक झाले तर प्लग काजळतो आणि मागच्या स्वाराला धूर खावा लागतो. किक मारण्याचा दांडा आणि गियरचा दांडा एकच. विजेचा पुरवठा बहुतेक जुन्या गाड्यांत 6 व्होल्टचा. त्यामुळे इंजिन मंदावले की दिवाही मंदावतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट उताराची. चढावर यंत्राला श्रम होतात हे कोणासही कळते; परंतु या इंजिनाला धोका उतारावरही असतो. स्वार अॅक्सिलरेटर पूर्ण मिटून गियरमध्ये गाडी सोडतो, तेव्हा इंजिन जोराने फिरत असते, पण पेट्रोल आत जात नाही. आणि पेट्रोल नाही म्हणजे वंगणही नाही. यंत्र कोरडे फिरते. म्हणून जाणता स्वार उतरतानाही मधूनमधून अॅक्सिलरेटर किंचित उघडून इंजिनाला घोटभर तेल पाजतो. शिवाय टू-स्ट्रोक इंजिन उतारावर गाडीला फारसे आवरून धरीत नाही. सारा भार ब्रेकवर येतो, आणि जुने ड्रमचे ब्रेक तापले की त्यांची पकड सुटते. आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट उतरताना दोन गाड्यांत भरपूर अंतर ठेवावयाचे, ते याकरिता.

या घाटांनी तांडे प्राचीन काळापासून पाहिले आहेत. गाडीरस्ते होण्यापूर्वी वंजारी लोक बैलांच्या पाठीवर गोण्या लादून याच सह्याद्रीतून ये-जा करीत. खालून मीठ वर जाई, वरून धान्य खाली येई. असा तांडा थकलेल्या बैलाच्या चालीने चालतो. सशक्त बैल पुढे दामटले, तर मागे राहिलेला बैल, त्याच्या पाठीवरचा माल आणि त्याच्यासोबतचा माणूस हे तिन्ही रानात एकटे पडतात. जुन्या मोटारसायकलींच्या तांड्याचा पहिला नियम हाच आहे. वेग ठरवावयाचा तो सर्वांत अशक्त गाडीने.

हे साधावयाचे कसे? सर्वांपुढे वाट जाणणारा एक शांत डोक्याचा स्वार असतो. सर्वांच्या मागे दुसरा असतो, आणि तो पहिल्याहूनही महत्त्वाचा. त्याच्यापाशी हत्यारांची पिशवी, जादा प्लग, क्लचची केबल, चेनचे लॉक, पॉइंट घासावयाचा पॉलिशपेपर आणि बाटलीभर तेल असते. त्याच्या मागे कोणी राहावयाचे नाही. मधल्या प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्याला पाहत जावयाचे. तो दिसेनासा झाला की वेग कमी करावयाचा, तरीही न दिसला तर सुरक्षित जागी थांबावयाचे. असे प्रत्येकाने केले, तर पहिल्या गाडीपर्यंत निरोप आपोआप पोहोचतो आणि सारी रांग उभी राहते. फाटा आला की तेथे एकाने थांबून मागच्यांना वाट दाखवावयाची आणि शेवटच्या स्वाराबरोबर निघावयाचे. प्रत्येकाने केवळ आपल्या मागच्या एकाची काळजी वाहिली, तर पंधराही जणांची काळजी वाहिली जाते. शाळेच्या सहलीत मुलांच्या जोड्या लावताना आम्ही मास्तर मंडळी हेच करीत आलो.

अशा प्रवासाला आपल्या जिल्ह्यातील सागरी वाटेसारखी दुसरी वाट क्वचितच असेल. महामार्ग क्रमांक 66 वरील मालमोटारींच्या गर्दीत जुन्या गाडीचे काम नाही. रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनाऱ्याने गणपतीपुळे, तेथून कवी केशवसुतांचे जन्मगाव मालगुंड, आणि पुढे जयगड. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास जांभ्याचा सडा, आणि वळणे अशी की वेगाचा मोहच होऊ नये. जयगडला शास्त्री नदीची खाडी आडवी येते. फेरीबोटीने पलीकडे तवसाळला उतरावयाचे. मग हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. आणि धोपाव्याहून पुन्हा बोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळ.

ही फेरीबोट मला फार शहाणी वाटते. जो स्वार नियम मोडून पुढे पळाला, तो धक्क्यावर बोटीची वाट पाहत उभा असतो. आणि जो मागून सावकाश आला, तोही त्याच बोटीत चढतो. घाई करून मिळविलेली दहा मिनिटे खाडी मुकाट्याने परत घेते. या खाड्यांवर पूल बांधण्याच्या योजना आहेत. पूल अवश्य व्हावेत. आजाऱ्याला आणि विद्यार्थ्याला त्यांची गरज आहे. मात्र धक्क्यावर जे वाट पाहणे सक्तीचे होते, ते पुढे प्रत्येकाला आपल्या मनाने करावे लागेल.

जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी देशोदेशीचे जावा-येझदीप्रेमी आपला दिवस पाळतात. तो नेमका आपल्या पावसाळ्यात येतो. तेव्हा लाल चिखल रस्त्यावर वाहून आलेला असतो, पॉइंटमध्ये ओल शिरते, आणि तांड्यातील एखादी गाडी हटकून बंद पडते. अशा वेळी कोणी इरले धरतो, कोणी प्लग काढून पुसतो, कोणी शेजारच्या घरून चहा आणतो. गाडी बँकेतल्या साहेबाची आहे की वेल्डिंग करणाऱ्या पोराची, हे त्या घटकेस कोणाच्या लक्षातही येत नाही. आपापल्या घरांत कोंडून राहणाऱ्या आजच्या सुशिक्षितांना असा प्रसंग इतरत्र फारसा लाभत नाही.

या छंदाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सायलेन्सर काढून बाजारपेठेतून गर्जत जाणारे, दोघातिघांनी शेजारीशेजारी चालून सारा रस्ता अडविणारे, वळणावर एकमेकांस मागे टाकणारे तांडेही आपण पाहतो. त्यांना तांडा म्हणणे हा वंजाऱ्यांचा अपमान होईल. रस्ता सर्वांचा आहे. ज्या घरात तान्हे मूल निजले आहे, त्या घरावरून जाताना आपली हौस दुसऱ्याला उपद्रव होता कामा नये. टू-स्ट्रोकचा धूरही काही गुणकारी नव्हे. धुराचे नियम कडक होत गेले आणि ही इंजिने नव्या मोटारसायकलींतून नाहीशी झाली, ते योग्यच झाले. म्हणून जुनी गाडी थोडी चालवावी, नीट राखून चालवावी, आणि तेल मोजून घालावे.

सरकारनेही या गाड्यांची दखल घेतली आहे. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार, 50 वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीस 20,000 रुपये आणि पुनर्नोंदणीस 5,000 रुपये शुल्क आहे. मात्र असे वाहन नित्याच्या कामास वापरता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती इत्यादी कारणांपुरतेच ते रस्त्यावर आणावयाचे. कोकणातल्या बहुतेक येझदी अजून पन्नाशीच्या अलीकडच्या आहेत. त्यांना साधाच नियम लागू आहे: पहिली 15 वर्षे संपली की तपासणी करवून दर 5 वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यावयाची.

नियम कोणताही असो, कागदाने गाडी नोंदली जाते. जिवंत राहते ती जाणत्या हातांनी. पॉइंटचे अंतर कानाने ओळखणारे मिस्त्री आता सत्तरीकडे झुकले आहेत. त्यांची विद्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. ती रस्त्याच्या कडेला, बंद पडलेल्या गाडीपाशी, एकाने दाखवावी आणि दुसऱ्याने पाहावी अशीच चालत आली. तांडे निघतील, गाड्या मधूनमधून बंद पडतील, आणि मागचा जाणता पुढच्या अजाणत्यापाशी बसेल, तोवरच ती टिकेल. यास्तव माझी तरुण श्रोत्यांना एक विनंती आहे. घरी आजोबांची गाडी असेल, तर ती भंगारात घालण्यापूर्वी एकदा एखाद्या म्हाताऱ्या मिस्त्रीपुढे उभी करा. ती सुरू झाली, तर सोबती गोळा करा आणि जयगडपर्यंत तरी जाऊन या. आणि त्या रांगेत तुम्हांला जागा निवडावयास मिळाली, तर सर्वांत मागची मागून घ्या.