तंबाखूचे रोप रोगाला कसे तोंड देते?



मुंबई उपनगरात तंबाखू कोण लावतो, असे आपण मनात म्हणाल. बरोबर आहे. परंतु बोरिवलीजवळच्या गोराईच्या मळ्यात किंवा मुलुंड-घाटकोपरच्या गच्चीवर आपण मिरची, वांगी, टोमॅटोची जी रोपे करता, ती सारी तंबाखूच्याच कुळातली. काल हिरवीगार असलेली रोपे सकाळी जमिनीलगत मऊ पडून आडवी झालेली आपण पाहिली असतील. निपाणी भागातील तंबाखूच्या रोपवाटिकेलाही याच मरीची धास्ती असते. म्हणून तंबाखूवरील अभ्यास आपल्याही कामाचा आहे.

रोपांची मर घडविणारा पिथियम आणि मोठ्या झाडाचे खोड काळे पाडून कुजविणारा फायटोप्थोरा यांना आपण बुरशी म्हणतो. पण त्या खऱ्या बुरशी नव्हेत. त्यांचे नाते समुद्रातील तपकिरी शेवाळाशी आहे. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहत मुळापर्यंत पोचतात. पाणी साचलेला वाफा म्हणजे त्यांना मोकळी वाटच! आणि खऱ्या बुरशीवर चालणारे कार्बेन्डाझिमसारखे औषध यांच्यावर चालत नाही. फवारणी करूनही रोपे गेली की आपण बियाण्याला दोष देतो. पुष्कळदा चूक औषधाच्या निवडीची असते.

आता रोप काय करते ते पाहू. फायटोप्थोराच्या अनेक जाती एक लहान प्रथिन बाहेर टाकतात. तंबाखूला ते ओळखता येते. ओळख पटताच त्या जागेच्या पेशी स्वतःहून मरतात आणि रोगाला पुढे सरकायला जिवंत पेशी उरत नाही. शेजारच्या पेशी आपल्या भिंती जाड करतात, कॅप्सिडिऑल नावाचे रोगविरोधी द्रव्य तयार करतात आणि रोगकारकाची भिंत विरघळविणारी विकरे सोडतात. कॅप्सिडिऑल मिरचीतही तयार होते.

एका पानावर झालेल्या हल्ल्याची वर्दी साऱ्या झाडाला मिळते. १९६१ मध्ये अमेरिकेत रॉस यांनी विषाणू वापरून तंबाखूवरच हे दाखविले. या कामी सॅलिसिलिक आम्ल लागते. १९९३ मध्ये ते साठू न शकणारी तंबाखूची झाडे तयार केली, तेव्हा त्यांच्यात ही तयारी उभीच राहिली नाही.

मग तंबाखूला रोग होतोच कसा? शत्रूही हुशार आहे. तंबाखूवर वाढणारे फायटोप्थोराचे बरेच वाण ते ओळखीचे प्रथिन तयारच करीत नाहीत, असे फ्रान्समधील संशोधकांना १९८९ मध्ये आढळले. चोराने वेष बदलावा तसेच हे! शिवाय या साऱ्या तयारीला वेळ लागतो. दोन पानांच्या कोवळ्या रोपाला तेवढी सवड मिळत नाही.

ती सवड मिळवून देणे हे आपले काम. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१) गादीवाफा उंच करावा. कुंडीच्या तळाचे भोक मोकळे ठेवावे.
२) बी दाट पेरू नये. रोपांत हवा खेळली पाहिजे.
३) एप्रिल-मे महिन्यात माती ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकने चार ते सहा आठवडे झाकावी व उन्हाने तापू द्यावी.
४) पेरणीपूर्वी ट्रायकोडर्मा चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून द्यावे.
५) पाणी सकाळी व बेताने द्यावे. मेलेली रोपे मातीसह काढून टाकावीत.
६) मर दिसताच ताम्रयुक्त किंवा मेटॅलॅक्झिलयुक्त औषधाची आळवणी कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने करावी. एकच औषध पुनःपुन्हा वापरू नये. रोगाला त्याची सवय होते.

आडवे झालेले रोप कोणत्याही औषधाने उठत नाही. वाचवायचे असते ते त्याच्या शेजारचे. तेव्हा पहिले रोप कोलमडताच हात हलवा, उद्यावर टाकू नका.