हंगामाची चाकं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दिवाळीचे आकाशकंदील उतरले की बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर एक वेगळाच ऋतू सुरू होतो. कॅलेंडर त्याला हिवाळा म्हणतं, आम्ही त्याला 'हंगाम' म्हणतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती आणि इंदापूरच्या बाजूचे कारखाने सुरू होतात. मळीचा वास गावात शिरतो. रस्त्यावर उसाच्या टायरगाड्या, ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या आणि मालट्रक यांची रांग लागते. याच रांगेच्या शेजारून आता आपल्या पोरांच्या वेगवान, देखण्या, बुटक्या गाड्याही धावतात. ज्यांना 'स्पोर्टी' म्हणतात, त्या. अशा गाडीला हिवाळ्यासाठी चाकं आणि टायर कोणते निवडावेत, हा आजचा विषय.

कवीला टायरमधलं काय कळतं, असं तुमच्या मनात आलं असेल. त्याचं उत्तर माझ्या आजोळात आहे. माझं आजोळ नालबंदांचं. हंगाम सुरू होण्याआधीचे पंधरा-वीस दिवस आजोबांना जेवायला सवड नसे. उसाची गाडी ओढणारा बैल डांबरी रस्त्यावर अनवाणी चालला, तर थोड्याच दिवसांत त्याचे खूर झिजून तो लंगडायला लागतो. म्हणून त्याला पत्र्या मारायच्या. घोड्याचा खूर एकसंध, त्याला एक नाल पुरते. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन, चार पायांना आठ पत्र्या. दोरखंडाने बैल अलगद पाडायचा, पाय बांधायचे, खूर तासून सपाट करायचा, मग पत्री बसवायची. खिळा जरा तिरका गेला तर थेट जिवंत मांसात. आजोबा पत्री हातात घेण्याआधी बैलवाल्याला एकच प्रश्न विचारायचे, "कुठल्या रस्त्यानं जाणार?" डांबरावरून जाणार की मुरमावरून, चढ आहे का, ओढा लागतो का, हे कळल्याशिवाय ते हातोडी उचलत नसत.

टायर निवडतानाही पहिला प्रश्न हाच असतो.

गाडीच्या चाकाचं आपल्याकडचं शिक्षणही याच क्रमानं झालं. लाकडी चाकाला लोखंडी धाव असायची. लोहार ती भट्टीत लाल करून चाकावर चढवायचा आणि पाणी ओतलं की ती आकसून चाक आवळून धरायची. धाव टिकाऊ, पण रस्ता उखडायची आणि बैलाच्या मानेला प्रत्येक दगडाचा दणका द्यायची. तिकडे बेलफास्टमध्ये जनावरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलप यानं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर केला आणि १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं. जनावरांच्या डॉक्टरनं शोधलेला टायर पुढे बैलांच्या मदतीला आला, हा मला नेहमीच सुंदर योगायोग वाटतो. रबरी टायरची गाडी आली, तेवढ्याच बैलांना कितीतरी जास्त ऊस ओढता येऊ लागला, आणि ऊसतोडणीच्या भाषेत 'टायरगाडी' हा शब्द कायमचा रुजला.

आता हिवाळी टायरबद्दल. माझ्या मित्राची मुलगी जर्मनीत नोकरी करते. तिकडे गाडीला दोन जोड असतात, जसे आपल्याकडे घरातले आणि बाहेरचे कपडे. 'ऑक्टोबर ते ईस्टर' हिवाळी चाकं, बाकीचे महिने उन्हाळी. न वापरातला जोड ठेवायला दुकानदार भाड्यानं जागा देतात, तिला चक्क 'टायरांचं हॉटेल' म्हणतात. बर्फ, गारठलेला चिखल किंवा निसरडं असताना योग्य टायर हवेच, असा तिथे २०१० पासून कायदा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून तर टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह असल्याशिवाय तो हिवाळी टायर धरला जात नाही. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत.

याचं कारण रबरात आहे. साधं रबर थंडीत कडक होतं आणि रस्ता धरत नाही. साधारण सात अंशांखाली हा फरक जाणवू लागतो, असा तिकडचा ढोबळ हिशेब. हिवाळी टायरचं रबर गारठ्यातही मऊ राहील असं बनवतात आणि नक्षीत बारीक-बारीक चिरा देतात, त्या बर्फाला धरतात. पण तोच टायर आपल्याकडे आणला तर? इथे पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, थंडीच्या लाटेत त्याखालीही जातो, पण दुपारी रस्ता तापतोच. त्या तापल्या डांबरावर मऊ रबर भराभर झिजेल आणि ब्रेक दाबल्यावर गाडी उशिरा थांबेल. तेव्हा हिवाळी टायर म्हणून बाहेरचा महागडा माल कुणी गळ्यात मारत असेल, तर हात जोडून नको म्हणा.

मात्र त्यांच्या हिवाळ्यातला एक शहाणपणा घेण्यासारखा आहे. तिकडचे जाणकार हिवाळ्यासाठी चाकाची रिम बहुतेक वेळा एक इंच लहान घेतात आणि टायर थोडा अरुंद, पण उंच भिंतीचा निवडतात. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. गाडी घेतली की पहिली हौस रिम मोठी करायची.

माझ्या भाच्याचंच उदाहरण सांगतो. तो बारामतीच्या एमआयडीसीत कामाला आहे. दुसरी पाळी संपवून रात्री इंदापूरला घरी परततो. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी. हंगामात याच रस्त्यानं ऊस चालतो. तो दार वाजवेपर्यंत माझी बहीण झोपत नाही. त्यानं हप्त्यावर लाल रंगाची स्पोर्टी गाडी घेतली आणि मला विचारलं, "मामू, पंधरा इंचीच्या जागी सतरा इंची अलॉय टाकू का? गाडी उठून दिसेल."

मी म्हटलं, "टाक की, पण आधी आकडे वाच."

टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं, १८५/६५ आर १५. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, टायरची बाजूची भिंत रुंदीच्या किती टक्के उंच आहे ते. तिसरा, रिमचा व्यास, इंचांत. या मापात भिंत १२० मिलिमीटर भरते. त्याच गाडीला १९५/५५ आर १६ घातला तर भिंत १०७ मिलिमीटर. २०५/४५ आर १७ घातला तर ९२. तिन्ही चाकांचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, सुमारे ६१६ ते ६२२ मिलिमीटर. म्हणजे स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. फक्त रबर कमी होतं आणि धातू वाढतो. पंधरावरून सतरावर जाताना इंचाहून जास्त हवेची गादी आपण पैसे देऊन काढून टाकतो.

त्याचा फायदाच नाही, असं मी म्हणणार नाही. सुक्या, गुळगुळीत रस्त्यावर बुटका रुंद टायर वळणात गाडी घट्ट धरतो, स्टिअरिंग चटकन ऐकतं. पण हंगामातला रस्ता तसा नसतो. पाणी दिलेल्या फडातून निघालेल्या ट्रॅक्टरची चाकं चिखलाचे गोळे डांबरावर आणून टाकतात. वर पाचट, वाढे, उसाच्या कांड्या. पहाटे दव पडलं की या सगळ्याचा लगदा होतो. ओव्हरलोड गाड्यांनी रस्त्याच्या कडा खचलेल्या असतात. त्या खड्ड्यात बुटका टायर गेला की दणका गादीला नाही, थेट रिमला बसतो. लोखंडी रिम वाकते, ठोकून सरळ होते. अलॉय तडकली की ती बदलावीच लागते, आणि रात्री बारा वाजता लासुर्ण्याच्या पुढे ती कोण देणार?

आता सर्वात महत्त्वाचा हिशेब. ताशी ८० किलोमीटर वेगाला गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. समोर काही दिसलं, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद गेला असं धरू. २२ मीटर संपले. मग चांगल्या टायरवर, सुक्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण ३६ मीटर. एकूण ५८. डिपरवरचा दिवा रस्ता दाखवतो जेमतेम चाळीस ते साठ मीटर. म्हणजे सगळं उत्तम असतानाही गाडी उजेडाच्या शेवटच्या टोकाला थांबते. आता टायर गुळगुळीत झालेला, खाली पाचटाचा लगदा, पकड निम्मी. ब्रेकचं अंतर दुप्पट होतं. एकूण ९० मीटरच्या पुढे. आणि साठ मीटरवर उभी आहे मागचा दिवा नसलेली, पंक्चर झालेली, उसानं भरलेली ट्रॉली. ऊस रात्री काळाच दिसतो, श्रोतेहो.

हेच गणित ताशी ६० ला केलं तर चांगल्या टायरवर एकूण ३७ मीटर लागतात. पालखी मार्गाच्या कामानं आपला रस्ता बराच रुंद झाला, वेग वाढवायचा मोह होतो. पण दिव्याचा उजेड रस्त्याबरोबर रुंद झालेला नाही.

म्हणून भाच्याला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. कंपनीनं दिलेलं माप सर्वांत बरं. हौस दांडगी असेल तर एक इंच, त्यापुढे नाही. नवी रिम घेताना नटांच्या भोकांचं माप, म्हणजे पीसीडी, आणि ऑफसेट मूळ चाकाशी जुळतात का ते पाहा, नाहीतर टायर मडगार्डला घासतो आणि बेअरिंगवर ताण येतो. मापाच्या पुढे ८८ एच असं काही लिहिलेलं असतं. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो भार, एच म्हणजे ताशी २१० पर्यंतचा वेग. हे आकडे मूळ टायरपेक्षा कमी नकोत.

टायर घेताना त्याची जन्मतारीख वाचा. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात पडून राहिलेलं रबरही म्हातारं होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनी नक्षी शाबूत असली तरी बदलावा, असं टायर कंपन्याच सांगतात. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की कारचा टायर कायद्यानं बाद. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की तो टायर संपला. शहाण्यानं तिथवर थांबू नये. डिसेंबर-जानेवारीत अवकाळीची सर येते, तेव्हा पाणी बाहेर फेकायला खाचा खोलच लागतात. दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर ते मागे लावा. मागची पकड सुटली की गाडी गरकन फिरते आणि मग स्टिअरिंग काही ऐकत नाही.

आणि हवा. ही तर जवळपास फुकट मिळते. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की हवेचा दाब साधारण एक पौंडानं कमी होतो. ऑक्टोबरच्या दुपारी भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे तीन-चार पौंडांनी कमी भरते. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या दाबाप्रमाणे हवा भरून घ्या. स्टेपनीतही. नायट्रोजनच हवा असा हट्ट नको. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

भाच्यानं शेवटी सोळा इंची घेतली. मी खूश आहे असं नाही, पण भांडलोही नाही. उरलेल्या पैशांत त्यानं टायर चांगले घेतले आणि दिवे नीट बसवून घेतले. हे मला पुरेसं वाटलं.

आता दोन शब्द दुसऱ्या बाजूला. स्पोर्टी गाडीवाला सगळं करेल, पण समोरची गाडी दिसलीच नाही तर टायर काय करणार? टायरगाडीवाला नवरा-बायको आणि झोपलेल्या लेकरासह रात्रभर रस्त्यावर असतो. त्याची कमाई टनावर, त्याच्या गाडीला बॅटरी नाही, दिवा नाही. लाल रिफ्लेक्टरची पट्टी अगदी स्वस्त असते. गाडीअड्ड्यावर प्रत्येक गाडीच्या आणि ट्रॉलीच्या मागे ती पट्टी आहे की नाही, हे बघणं कारखान्याला, मुकादमाला आणि ट्रॉलीमालकाला काही जड नाही. ज्यांच्या शेतातला ऊस जातो त्या आपण बागायतदारांनीही फडातून गाडी सुटताना एकदा मागे जाऊन बघावं. फडासमोर डांबरावर पडलेला चिखल फावड्यानं ओढून टाकावा. बैल गेला अन् झोपा केला, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. ही म्हण हंगामात तरी खोटी पाडू या.

चाक बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी निवडायचं नसतं, ते रस्त्यासाठी निवडायचं असतं. धावत्या गाडीचा एकेक टायर रस्त्याला टेकतो तो फक्त तळहाताएवढ्या जागेवर. चार तळहात, त्यावर अख्खा संसार. घरी कुणीतरी जागं आहे, एवढं लक्षात ठेवून त्या चार तळहातांची काळजी घ्या.

हंगाम सुखरूप जावो. नमस्कार.