खंडाची जमीन आणि नवा शेतकरी



कोणताही नवा व्यवसाय सुरू करणारा मनुष्य प्रथम भांडवल, माल आणि बाजारपेठ यांचा विचार करतो. शेतीकडे नव्याने वळणारा मनुष्य पिकाचा, खतांचा आणि बाजारभावाचा विचार करतो. परंतु ज्या जमिनीवर हा सर्व डोलारा उभा राहावयाचा, ती जमीन मात्र तो पुष्कळदा गृहीत धरून चालतो. या गृहीताचे मोल किती पडते, हे समजून घेण्यासाठी कृष्णाकाठच्या एका तरुणाची हकिकत नमुन्यादाखल घेता येईल.

हा तरुण शेतकऱ्याच्याच घरातला. वडिलोपार्जित दीड एकर जिरायत त्याच्या नावावर होते. पण उमेदीची दहा वर्षे कारखान्यात गेल्यामुळे नांगराशी त्याचा संबंध केवळ सुट्टीपुरता उरला होता. कारखाना सुटल्यावर हाती आलेली रक्कम घेऊन तो गावी परतला. शेजारच्या गावात चार एकर बागायत जमीन खंडाने मिळत होती. एकरी 25,000 रुपये खंड, मुदत तीन वर्षे आणि पहिल्या वर्षाचा सर्व खंड आगाऊ, अशी बोली झाली. जून महिन्यात पहिल्या पावसानंतर त्याने जमीन पाहिली. सर्वत्र हिरवे गवत होते, विहीर निम्मी भरली होती. मुद्रांकाच्या कागदावर दोन सह्या झाल्या आणि एक लाख रुपये त्याने मोजून दिले.

दोन एकरांत सोयाबीन आणि दोन एकरांत टोमॅटो, असा बेत त्याने केला. ऑगस्टमध्ये पावसाने उघडीप दिली आणि पहिली अडचण पुढे आली. विहीर तीन भावांच्या सामाईक मालकीची होती आणि पाण्याची पाळी तीन दिवसांतून एक रात्र एवढीच होती. विजेची जोडणी तर ज्याने करार केला नव्हता, त्या थोरल्या भावाच्या नावावर होती. दुसरी अडचण जमिनीच्या पोटात दडलेली होती. टोमॅटोच्या पानांच्या कडा करपू लागल्या, झाडांची वाढ खुंटली, आणि वाफसा येताच सखल भागात मातीवर पांढरा पापुद्रा दिसू लागला. जमीन खारवट होती. उन्हाळ्यात हे क्षार शेजाऱ्यापाजाऱ्यांना स्पष्ट दिसत असत. पावसाळ्यातल्या हिरवळीने ते झाकून टाकले होते. उरलेसुरले सोयाबीन काढणीच्या वेळी आलेल्या पावसाने भिजले.

वर्षअखेरीचा हिशेब असा होता : खंड 1,00,000 रुपये, मशागत आणि बी-रोपे 50,000, ठिबकच्या नळ्या, बांबू व तारा 90,000, खते-औषधे 48,000 आणि मजुरी 62,000, एकूण खर्च 3,50,000 रुपये. मालाचे आले 1,10,000. परत वापरता येईल अशा साहित्याची किंमत 40,000 धरली, तरी निव्वळ तोटा दोन लाखांचा झाला. पत्नीचे दागिने तारण पडले. इतक्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसे झाले. सातबारावर ज्यांची नावे होती, त्या उरलेल्या दोन भावांनी कराराला आपली संमती नव्हती, असे सांगून जमीन मोकळी करून मागितली.

या हकिकतीत जमीनमालकाला लबाड ठरविणे सोपे आहे. पण ते पूर्ण सत्य नव्हे. करार साध्या कागदावर ठेवण्यामागे त्याच्या मनात भीती होती आणि त्या भीतीला इतिहास आहे. 1948 च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याने कुळांना संरक्षण दिले. पुढे झालेल्या दुरुस्तीने 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि जमीन कसणारी कुळे कायद्याने तिचे मालक मानली गेली. मराठवाड्यासाठी 1950 चा आणि विदर्भासाठी 1958 चा असे स्वतंत्र कायदे झाले. पिढ्यानपिढ्या राबणाऱ्या लाखो कुटुंबांना त्यामुळे न्याय मिळाला. परंतु जमीन दुसऱ्याच्या हाती दिली तर ती जाईल, ही धास्ती मालकांच्या मनात कायमची बसली. म्हणून आजही खंडाचे आणि बटईचे व्यवहार बहुधा तोंडी किंवा कच्च्या कागदावर होतात. मालक निश्चिंत नाही आणि कसणारा सुरक्षित नाही, अशी ही कोंडी आहे. ती फोडण्यासाठी नीती आयोगाने नेमलेल्या डॉ. टी. हक यांच्या समितीने 2016 मध्ये आदर्श जमीन भाडेपट्टा कायद्याचा मसुदा मांडला. मालकाची मालकी अबाधित ठेवून कसणाऱ्याला कर्ज आणि विमा मिळावा, हा त्याचा गाभा होता.

कच्च्या कागदाचा फटका केवळ भांडणापुरता राहत नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणे आवश्यक आहे. नोंदणी नसेल, तर त्यातील अटी सिद्ध करणे दुरापास्त होते. 2016 पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खंडाने व बटईने कसणाऱ्यांनाही स्थान आहे. पण त्यासाठी कराराचा पुरावा लागतो. या तरुणाचे सोयाबीन भिजले तेव्हा हा पुरावा त्याच्यापाशी नव्हता. शिवाय जो मुळात शेतकरी नाही, त्याला शेतजमीन विकण्यावर जसे कायद्याचे बंधन आहे, तसेच ती पट्ट्याने देण्यावरही आहे. शहरातून थेट शेतीकडे वळणाऱ्यांनी ही बाब आधीच तपासावी.

मग नव्या शेतकऱ्याने करावे काय? प्रथम सातबारा, आठ-अ आणि फेरफार काढून वाचावेत. भोगवटादारांची सर्व नावे, इतर हक्कांतील बोजा, पोटखराबा आणि विहिरीची नोंद पाहावी. सर्व सहहिस्सेदारांच्या सह्यांखेरीज व्यवहार करू नये. पाण्याची पाळी आणि विजेची जोडणी यांचा उल्लेख करारात असावा. जमीन एकदा पावसाळ्यात आणि एकदा भर उन्हाळ्यात पाहावी. तेथे पूर्वी कोणी कसले आणि का सोडले, हे बांधावरच्या शेजाऱ्याला विचारावे. शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोलीची माती घेऊन, ती एकत्र मिसळून, त्यातील अर्धा किलो नमुना प्रयोगशाळेत द्यावा. सामू 8.5 च्या वर गेला, तर जमीन चोपण असण्याचा संभव असतो. क्षारांचे प्रमाण स्वतंत्रपणे तपासून घ्यावे. या तपासणीचा खर्च एक लाखाच्या खंडापुढे नगण्य आहे. खंड शक्यतो हप्त्यांनी द्यावा आणि पहिल्या वर्षी एक एकराहून अधिक हाव धरू नये. समव्यवसायींनी एकत्र येऊन संयुक्त देयता गट स्थापन केल्यास तारणाशिवाय बँकेचे कर्ज मिळण्याची वाटही मोकळी होते.

त्या तरुणाने शेती सोडली नाही. दुसऱ्या वर्षी त्याने आपले दीड एकर जिरायत नीट कसले. तिसऱ्या वर्षी एकच एकर खंडाने घेतले. मात्र त्याआधी वैशाखाच्या उन्हात तो त्या रानातून अनवाणी फिरला, माती तपासून घेतली आणि मायलेकांच्या दोघांच्याही सह्या होईपर्यंत एक रुपया हातावेगळा केला नाही. दागिने अद्याप सुटावयाचे आहेत; पण त्या वर्षीच्या हिशेबाच्या वहीत प्रथमच शिल्लक राहिली.

जमीन कोणालाही फसवीत नाही. ती आपले गुणदोष उन्हात, पावसात आणि सातबाराच्या उताऱ्यात उघड मांडून ठेवते. ते वाचण्याचा धीर पेरणीपूर्वी ज्याच्या अंगी असतो, त्याच्याच श्रमाचे सोने होते.